आजीला बसवून ठेवलं, हाडांनी ते ऐकलं

(ऑडिओ भागाची लिखित आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम. बसमध्ये लटकत असाल किंवा गादीवर आडवे असाल तर राहू द्या, पण जमत असेल तर उभे राहा. दोन्ही टाचा जमिनीपासून इंचभर उचला आणि सोडून द्या. धप्प. खालच्या मजल्यावरचे काका वर येणार नाहीत इतपतच. अजून एकदा. बास.

या धक्क्यानं तुमच्या टाचेच्या, नडगीच्या आणि मांडीच्या हाडात आत्ता काहीतरी घडलं. ते काय, यावरच आज बोलायचंय.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आजीमुळे. आजी ७७ वर्षांची. मागच्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरला, हातावर पडली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मनगट जुळलं छान, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर आम्ही घरच्यांनी काय केलं, तर तिच्या हातातलं एकूण एक काम काढून घेतलं. आधी ती रोज दोन जिने उतरून दूध आणायची, खलबत्त्यात दाण्याचा कूट करायची, भाजीची पिशवी स्वतः उचलून आणायची. आता काय, तर "आजी, तू बस." "आजी, उठू नकोस, मी देतो." पाण्याचा पेलासुद्धा हातात. आई म्हणायची, "आयुष्यभर केलंत की, आता आराम करा." प्रेमानंच सगळं.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी डेक्सा करायला सांगितला. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन. रिपोर्ट बघता बघता त्यांनी विचारलं, "आजी, घरात काय काय काम करता?" आजीनं तोंड उघडायच्या आत मीच बोललो, आणि जरा अभिमानानंच बोललो, "काही करू देत नाही आम्ही तिला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे यांच्या हाडांना तुम्ही काय निरोप पाठवलात, कळतंय का तुम्हाला?"

मला नव्हतं कळलं. हाडांना निरोप? पण वाक्य डोक्यात बसलं आणि घरी येऊन वाचत सुटलो. आजचा भाग त्या वाचनातून आलाय.

आपल्याला हाड म्हटलं की शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा आठवतो. पांढरा, कोरडा, खडखडणारा. ते मेलेलं हाड. आपल्या अंगातलं हाड ओलं असतं, त्यात रक्त फिरतं, आणि ते सतत मोडून पुन्हा बांधलं जात असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नवा होतो. यासाठी दोन टोळ्या काम करतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात. ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवं रचतात, म्हणजे गवंडीच म्हणा. एका जागी खणायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोच खड्डा भरायला तीन-चार महिने. आपल्या रस्त्यांसारखंच आहे ते. आणि म्हणूनच हाड घटायला वेळ लागत नाही, वाढायला मात्र लागतो.

मग प्रश्न असा, की कुठे खणायचं आणि कुठे भरायचं हे ठरवतं कोण? मुकादम कोण?

तर मुकादम आहे ऑस्टिओसाइट नावाची तिसरी पेशी. हिची गोष्ट मला फार आवडते. ही मुळात गवंडीच असते, ऑस्टिओब्लास्ट. रचता रचता काही गवंडी स्वतःच भिंतीत चिणले जातात. चारही बाजूंनी हाड, मध्ये एक इवलीशी खोली, आणि त्यात ही पेशी. बाहेर पडायचा रस्ता नाही. पण चिणली जाताना ती चहूबाजूंनी बारीक बारीक हात पसरून ठेवते, आणि प्रत्येक हाताभोवती हाडात केसापेक्षा शेकडो पट बारीक बोगदा राहतो. त्या बोगद्यांतून तिचे हात शेजारच्या ऑस्टिओसाइटच्या हातांना भिडलेले असतात. एका हिशोबाप्रमाणे मोठ्या माणसाच्या सांगाड्यात अशा सुमारे ४,२०० कोटी पेशी असतात, आणि त्यांचे सगळे हात एकापुढे एक जोडले तर लांबी भरते सुमारे १,७५,००० किलोमीटर. पृथ्वीला चार फेऱ्या मारून वर दोरी उरते.

कित्येक वर्षं या पेशींकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. चिणल्या गेल्या म्हणजे निवृत्त झाल्या, असंच धरून चालत. आणि हाडातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी याच! नव्वद टक्के कर्मचारी नुसते बसून पगार घेतायत असं कुठल्या ऑफिसात असतं का? ...नको, त्याचं उत्तर कॉमेंटमध्ये देऊ नका.

आता हाडाला वजन कळतं, ही कल्पना काही नवी नाही. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ सालीच पुस्तक लिहून मांडलं होतं, की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, झुरिचमधले कार्ल कुलमान नावाचे इंजिनिअर एका शरीरशास्त्रज्ञानं काढलेली मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीची चित्रं बघून चकित झाले होते. वाकड्या क्रेनमध्ये ताणाच्या ज्या रेषा ते कागदावर काढत होते, तशाच रेषांत हाडाची जाळी उभी होती. टेनिसपटूंवरचा १९७७ चा अभ्यास तर अगदी डोळ्यांनी दिसणारा आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या दंडाच्या हाडाचे एक्सरे काढले. ज्या हातात रॅकेट, त्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि बायकांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. माणूस एकच, आहार एकच, जनुकं तीच. फरक फक्त कुठल्या हातानं चेंडू मारला एवढाच.

म्हणजे हाडाला कळतं हे पक्कं. कसं कळतं, इथे खरी गंमत आहे.

कोडं असं होतं. हाड फार कडक असतं. तुम्ही जोरात धावलात, उड्या मारल्यात, तरी ते दबतं किंवा वाकतं किती, तर हजारात एक ते तीन भाग. शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या, तिच्या लांबीत एक मिलिमीटरही फरक पडणार नाही इतकं कमी. आणि प्रयोगशाळेत हाडाच्या पेशी बशीत वाढवून त्यांना एवढंसंच ताणलं, तर त्या ढिम्म. त्यांना जागं करायला कितीतरी पट जास्त ताणावं लागायचं. तेवढं खरं हाड ताणलं तर ते मोडूनच जाईल. मग जिवंत शरीरात त्या पेशीला इतका बारीक ताण कळतो कसा?

उत्तर निघालं पाण्यात. न्यूयॉर्कमधल्या शेल्डन वाइनबाम आणि स्टीफन काउइन या दोघांनी (दोघेही इंजिनिअर बरं का) सहकाऱ्यांबरोबर १९९४ साली गणित मांडलं. ते बारीक बोगदे कोरडे नसतात, त्यांत द्रव भरलेला असतो. भांडी घासायचा ओला स्पंज घ्या आणि एका बाजूनं दाबा. स्पंज थोडासाच दबतो, पण आतलं पाणी दुसऱ्या बाजूला पळतं. हाडाचं तसंच. तुम्ही पाऊल टाकलंत की हाड कणभर वाकतं, वाकल्यावर एका बाजूचा द्रव दुसऱ्या बाजूला सरकतो, पाय उचलला की परत येतो. हा प्रवाह त्या पेशीच्या हातांवरून वाहतो. त्यात परत हे हात बोगद्याच्या भिंतीला बारीक तंतूंनी बांधलेले असतात. ओढ्याच्या पाण्यात उभं राहिल्यावर पाणी पायांना कसं ओढतं, तसा प्रवाह या तंतूंना ओढतो आणि तंतू पेशीच्या आवरणाला. २००१ मध्ये याच मंडळींनी हिशोब करून दाखवला, की हाडाला जेवढा ताण बसतो त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त ताण पेशीच्या हाताला जाणवू शकतो. थोडक्यात, पेशीकडे अॅम्प्लिफायर आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. उदाहरणार्थ, स्पंज दाबून तसाच धरून ठेवला तर? पाणी एकदा सरकेल आणि मग शांत. म्हणूनच हाडावर एकाच जागी स्थिर भार ठेवून दिला तर ते वाढत नाही, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. भार यायला हवा, जायला हवा, पुन्हा यायला हवा. जड सॅक पाठीवर घेऊन लोकलमध्ये तासभर उभे राहता ना, त्याचं हाडाला फारसं कौतुक नाही. तीच सॅक घेऊन जिना चढलात, तर गोष्ट वेगळी.

किती वेळा यायला-जायला हवा? याचं उत्तर ऐकून मी दोनदा तपासलं. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनयन यांनी १९८४ मध्ये पक्ष्याच्या पंखातल्या एका हाडावर प्रयोग केला. त्या हाडावरचा नेहमीचा भार काढून टाकला आणि यंत्रानं मोजून मापून भार दिला. दिवसाला फक्त चार वेळा दिला तरी हाडाची घट थांबली. ३६ वेळा दिल्यावर नवं हाड बनायला लागलं. मग ३६० वेळा, १,८०० वेळा देऊन बघितलं, तर ३६ च्या पुढे काही खास फायदा नाही! पेशीला जे ऐकायचं ते ती सुरुवातीलाच ऐकते आणि मग कान बंद करते. देवळात शिरताना उदबत्तीचा वास येतो आणि पाच मिनिटांनी येईनासा होतो ना, तसं. उंदरांवरच्या नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की मध्ये काही तासांची विश्रांती दिली की पेशीचे कान पुन्हा उघडतात, आणि तोच भार एका दमात देण्यापेक्षा दिवसभरात चार हप्त्यांत दिला तर हाड जास्त मजबूत होतं.

बरं, ताण पेशीच्या आवरणापर्यंत पोचला. आत कसा शिरतो? आवरणावर दारं असतात, ताणलं की उघडणारी. त्यातलं एक महत्त्वाचं दार म्हणजे पिएझो-१. ग्रीकमधल्या दाब या शब्दावरून हे नाव दिलंय. आर्डेम पाटापुटियन यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये ते शोधलं. दाबल्यावर विजेचा संदेश देणारी एक पेशी त्यांनी घेतली, ७२ संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक बंद करून बघत बसले, कुठलं बंद केल्यावर पेशी गप्प होते ते. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पाटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं. हे दार उघडलं की कॅल्शियमचे कण पेशीत घुसतात आणि पेशी जागी होते. २०१९ मध्ये उंदरांच्या हाडांच्या पेशींतून हे दार काढून बघितलं, तर त्या उंदरांची हाडं बारीक आणि कमकुवत झाली. पेशीकडे हे एकच दार आहे असं नाही, आणखीही आहेत. पण सगळ्यांची नावं सांगत बसलो तर तुम्ही भाग पुढे ढकलाल.

आता डॉक्टरांच्या त्या "निरोपा"कडे येऊ.

ऑस्टिओसाइट एक प्रथिन बनवते, त्याचं नाव स्क्लेरोस्टिन. याचं काम एकच, गवंड्यांना सांगायचं की थांबा, बांधकाम नको. आणि हा "थांबा" बोर्ड ऑस्टिओसाइट कायम लावूनच ठेवते. भार आला, प्रवाह वाहिला, की ती बोर्ड काढून घेते आणि गवंडी कामाला लागतात. उंदरांच्या हाडात हे अगदी जागेनुसार दिसतं. हाडाच्या ज्या भागाला जास्त ताण बसला, तिथल्या पेशींनी स्क्लेरोस्टिन जास्त कमी केलं.

स्क्लेरोस्टिन बनतच नाही असे लोकही आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत हा दुर्मीळ आजार आढळतो. त्यांची हाडं इतकी दाट, की मोडता मोडत नाहीत. ऐकायला मस्त वाटतं, पण कवटीचं हाडही वाढत राहतं, त्यातून जाणाऱ्या नसा दाबल्या जातात, चेहरा लुळा पडतो, ऐकू येईनासं होतं. म्हणजे तो "थांबा" बोर्डसुद्धा लागतोच. या कुटुंबांच्या अभ्यासातून २००१ मध्ये जनुक सापडलं आणि पुढे स्क्लेरोस्टिनलाच अडवणारं रोमोसोझुमॅब नावाचं इंजेक्शन निघालं. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. महिन्यातून एकदा, बारा महिने. ज्यांना नुकताच हार्ट अॅटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय त्यांना ते देत नाहीत. तेव्हा ते कुणाला द्यायचं हा निर्णय डॉक्टरांचा.

आणि भार आलाच नाही तर? आम्ही आजीला खुर्चीत बसवलं तेव्हा?

माणसांवर याचे प्रयोग झालेत. धडधाकट पुरुषांना १७ आठवडे पूर्ण वेळ अंथरुणात ठेवलं. कण्याच्या आणि खुब्याच्या हाडातलं खनिज सुमारे ४ टक्के घटलं, आणि टाचेच्या हाडातलं सुमारे १० टक्के. बघा, टाच. रोज प्रत्येक पावलाला पहिला धक्का जिला बसायचा, तीच सगळ्यात जास्त गप्प झाली आणि तीच सगळ्यात जास्त झिजली. अंतराळवीरांचंही तेच. तिथे वजनच नाही, त्यामुळे पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते.

मला वाटायचं हाड असं झिजतं म्हणजे आपोआप झिजतं, न वापरलेलं कुलूप गंजतं तसं. पण जपानी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक प्रयोग केला. उंदरांच्या हाडांतल्या बऱ्याचशा ऑस्टिओसाइट मारून टाकल्या आणि मग उंदरांचे मागचे पाय अधांतरी राहतील असं त्यांना ठेवलं, म्हणजे पायांवर भार शून्य. साध्या उंदरांचं हाड अशा वेळी भराभर घटतं. या उंदरांचं घटलं नाही! घट व्हायलासुद्धा मुकादमाचा हुकूम लागतो. बराच काळ काही ऐकू आलं नाही, की ऑस्टिओसाइटच पोखरणाऱ्या टोळीला बोलावून घेते. तिच्या हिशोबानं बरोबरच आहे म्हणा. जे हाड कुणी वापरत नाही, ते शरीरानं का पोसायचं?

आजीच्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या, एक दिवस चुकली नाही. पण विटा दारात आणून टाकल्या आणि मुकादमानं कामच बंद ठेवलंय, तर विटा काय करणार? गोळ्या बंद करा असं म्हणत नाहीये मी, उलट कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच. डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं, की आजीच्या रिपोर्टमध्ये मोठा वाटा वयाचा आणि पाळी गेल्यानंतरच्या बदलांचा आहे. सगळा दोष तुमचा नाही, म्हणाल्या. पण वर जी भर पडली ती आमच्या प्रेमाची.

मग या वयात काही होऊ शकतं का? होऊ शकतं. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायकांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्या बायकांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चक्क जड वजनं उचलून घेतली आणि उड्या मारून घेतल्या. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याची घनता सुमारे ३ टक्के वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या बाकीच्या बायकांची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली होती. इंग्लंडमधल्या लफबरोच्या अभ्यासात ६५ ते ८० वर्षांच्या पुरुषांना वर्षभर रोज एकाच पायावर पन्नासएक उड्या मारायला लावल्या, म्हणजे आपली लंगडीच की! दुसरा पाय तुलनेला. उड्या मारलेल्या बाजूच्या खुब्याचं हाड दुसऱ्या बाजूपेक्षा सरस ठरलं.

थांबा, हे ऐकून लगेच आजीला लंगडी घालायला लावू नका. (हसतो) त्या पुरुषांना आधी तपासलं होतं आणि उड्या हळूहळू वाढवल्या होत्या. पडून खुबा मोडला तर सगळंच मुसळ केरात. ताजं फ्रॅक्चर असेल तर कधी आणि किती वजन टाकायचं हे डॉक्टरच सांगणार, कारण प्रत्येक हाडाचं आणि प्रत्येक ऑपरेशनचं गणित वेगळं.

आपल्या वयाच्या लोकांसाठी दोनच गोष्टी. विशीत हाडांचा साठा जवळपास पूर्ण होतो, तिशीनंतर त्यातून खर्च सुरू होतो. सध्या चोविशीत असाल तर खात्यात भरायचे शेवटचे हप्ते चालू आहेत. आणि दुसरं, पोहणं आणि सायकल हृदयासाठी उत्तमच, पण हाडाला त्यातून धक्का फारसा मिळत नाही. नुसती सायकल चालवणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंच्या कण्याची घनता कमी आढळलीय. त्यांनी आठवड्यातून थोड्या दोरीवरच्या उड्या, खो-खो, बॅडमिंटन, वजनं, काहीतरी जोडून घ्यावं. ३६ चा आकडा आठवतोय ना? तासन् तास लागत नाहीत.

आजीचं काय झालं? फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून दोनदा येतात. पहिले पंधरा दिवस नुसतं खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि तोल सांभाळणं. मग कठडा धरून टाचांवर उठून धप्पकन खाली येणं, तुम्ही मघाशी केलंत तेच. मग पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी. मोरीत रबरी मॅट आणि भिंतीला दांडा बसवलाय, हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. खलबत्ता माळ्यावरून खाली आलाय. दूध पुन्हा तीच आणते. सुरुवातीला मी मागोमाग जायचो, तर म्हणाली, "तू माझ्या मागं कशाला? तुझी हाडं झोपलीत का, ते बघ आधी."

पुढचा डेक्सा जूनमध्ये आहे. आकडा काय येतो ते सांगेनच. तोवर जिन्यात पिशवी मागितली तर ती देत नाही.